सीतादहीपासून

झाशीला थंडी पडू लागली की आमच्या गल्लीत धुनिया येतो. आमच्या वऱ्हाडात त्याला पिंजारी म्हणतात. खांद्यावर त्याची ती मोठी धनुकली, हातात लाकडाचा गोटा. घरोघरच्या गाद्या तो उकलतो आणि दबलेला कापूस पिंजून पुन्हा भरून देतो. धनुकलीच्या ताणलेल्या तातेवर गोटा बसला की एक आवाज निघतो. गाणं नाही, रडणं नाही, पोटात कुठंतरी वाजल्यासारखं. मंगळवारी सकाळी तो आवाज ऐकला आणि मी लग्नातली गादी काढून त्याच्यापुढे टाकली. त्यानं शिवण उसवली, आतला कापूस चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि म्हणाला की हा माल इकडचा नाही. मी म्हटलं, नाही, माझ्या माहेरचा आहे, हिवरखेडचा. त्याला हिवरखेड कुठून ठाऊक असणार? त्यानं मान हलवली आणि गोटा उचलला.

त्याच सकाळी, पाळी थांबून दीड-दोन वर्षं होऊन गेल्यावर, मला लुगड्यावर रक्ताचा डाग दिसला होता.

शेजारच्या तिवारीणबाईंना मी विचारलं. त्या मायेच्या आहेत, माझी मोडकी हिंदी समजून घेतात. त्या म्हणाल्या, उष्णता झाली असेल, गुलकंद खा. हाच शब्द, हाच गुलकंद मी फार पूर्वी ऐकला होता, हजारदा ऐकला होता. बाहेर तात वाजत होती. कापसाचे पुंजके अंगणभर उडत होते, आणि मी उंबऱ्यात बसून एका जुन्या हंगामात जाऊन पोचले होते.

आमचं वऱ्हाड नावाला निजामाचं आणि कारभाराला नागपूरचं. पण आमच्या गावात राज्य कापसाचं होतं. दसरा झाला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, फुटायची. काळ्या जमिनीवर पांढरं रान. पहाटे दंव पडलेलं असायचं, बोंडं ओली असायची, म्हणून वेचणीला ऊन वर आल्यावर जायचं. बाया कमरेला ओटी बांधायच्या, दोन्ही हातांनी कापूस ओढून ओटीत टाकायच्या आणि तोंडानं गावातल्या सगळ्यांची उणीदुणी वेचायच्या. बोंडाची टोकं लागून बोटं चिरायची. संध्याकाळी घरी आलं की हाताला मीठ लागलं तरी झोंबायचं. त्या झोंबण्याची मला अजून आठवण येते, आणि येते तेव्हा हात आपोआप पदराला पुसला जातो.

वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही करायचं. बाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाशी, देवी म्हणून दगड मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिला वेचलेला कापूस त्यांच्यावर ठेवायचा आणि उरलेला दहीभात चारी दिशांना रानात शिंपडायचा. दह्यासारखा पांढरा कापूस पिको, म्हणून. हे करायचं घरच्या मोठ्या बाईनं. आमच्या घरी ती मोठी माय.

मोठी माय म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. तिला मूल झालं आणि गेलं, असं पाच वेळा झालं होतं. मग तिनं आम्हालाच आपलं म्हटलं. उंच, रुंद हाडाची, आवाज असा की या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक पोचावी. घरात माझी माय, दोन काकवा, एक चुलत वहिनी. महिन्यातून कोणी ना कोणी गोठ्याजवळच्या छपरीत दूर बसलेली असायचीच. मोठी माय मात्र त्यातून सुटलेली होती. त्यामुळे बाकी सगळ्या दूर बसल्या तरी चूल पेटायची, देवाला दिवा लागायचा, पाणी भरलं जायचं. घर तिच्या त्या सुटण्यावर उभं होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. तिला मात्र पक्कं कळत होतं.

मी त्या साली बारा-तेराची. चौथी झाली होती आणि शाळा सुटली होती. पुढच्या वर्गाला अकोटाला ठेवावं लागलं असतं, आणि पोरीला ठेवतं कोण? मला त्याचं वाईट वाटलं की नाही, आठवत नाही. वेचणीला जायला मिळणार याचा आनंद मात्र आठवतो.

त्या वर्षीचं सीतादही मोठ्या मायनं नेहमीसारखंच केलं. म्हणजे आम्हाला तसं दिसलं. दहीभात शिंपडताना ती एकदा थांबली आणि तिनं पोटावर हात धरला, एवढंच. काकूनं विचारलं, तर म्हणाली, लचक भरली.

मग कापूस घरात येऊ लागला. आतल्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग. आम्ही पोरं वरून उड्या टाकायचो, अंगाला सरकीचा वास यायचा, केसांत धागे. मोठी माय त्या हंगामात त्याच खोलीत निजू लागली. उंदरांची राखण म्हणून. मला तिनं ढिगाच्या कडेला एक वेगळी गासडी दाखवली होती. पहिल्या वेच्याचा, निवडलेला, एक काडी नाही की पान नाही. म्हणाली, "हा तुया गादीचा. याले हात लावशीन तर हात मोडीन."

आणि पहाटे चुलीला एक वास यायचा. जळक्या कापसाचा. मला जाग यायची, मी कूस बदलायची आणि पुन्हा निजायची. आमच्या घरात कापसाचं बोंड पायाखाली आलं तर वाकून त्याला नमस्कार करायचा. तो कापूस पहाटे कोण जाळेल आणि कशासाठी, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आलाच नाही. एरवीचा महिना असता तर फडकी धुवावी लागली असती, विहिरीवर चार बायांनी पाहिली असती, घरात कळलं असतं. पण घर कापसानं भरलेलं होतं. मोठ्या मायनं हवा तेवढा घ्यावा, वापरावा आणि पहाटे चुलीत घालावा. इतर कुठल्याही हंगामात जे दोन दिवसांत उघडं पडलं असतं, ते त्या हंगामानं तीन महिने झाकून ठेवलं.

तिनं का झाकलं? आधी मला वाटायचं, लाजेनं. लाज होतीच. पण खरी गोष्ट मला पुढे अकोल्याला कळली. सीतादहीच्या सकाळीच तिला रक्त दिसलं होतं. सगळ्या बाया धुऱ्यावर खोळंबलेल्या, दही लावलेलं, भात शिजलेला. तशीच ती गेली आणि विटाळात देवीला हात लावला. त्यानंतर रक्त थांबलं नाही, तेव्हा तिनं मनाशी ठरवून टाकलं की हा देवीचा कोप आहे. कोपावर उपाय एकच. ती मंगळवार धरू लागली, मग शुक्रवारही. आमच्याकडे बाईच्या रक्ताला एकच नाव होतं, विटाळ. तरण्या पोरीचं असो, बाळंतिणीचं असो की सुटलेल्या बाईचं, सगळं एका गाठोड्यात. आणि विटाळाला पाणी असतं, गोमूत्र असतं, उपास असतो. विटाळाला दवाखाना असतो असं कुणी कधी ऐकलं होतं?

संक्रांतीच्या सुमाराला ती आपण होऊन छपरीत जाऊन बसली. बहुतेक अंगात उभं राहायची ताकद उरली नसावी. पन्नाशी ओलांडलेली बाई दूर बसलेली पाहून वाड्यातल्या बायांना हसू आवरेना. वहिनी म्हणाली, "काय व मोठीबाई, पुन्हा नवरी झाल्या का तुमी?" दुसरी म्हणाली की आता पाळणा बांधायला लागते. मोठी मायही हसली. म्हणाली, "बांधा नं, तुमच्या सासऱ्याले सांगते दोरी आणाले." सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले. इतकं मोकळं हसू आमच्या अंगणात त्या वर्षी पुन्हा झालं नाही.

मग सल्ले सुरू झाले. सुईण म्हणाली, जुनं रक्त साचलेलं असते, निघून जाऊ द्या, आंग मोकळं होते. कुणी म्हणालं उष्णता, गुलकंद द्या. काकूच्या माहेराहून कुणीतरी मुळी देणारा आला. मोठे बाबा, मोठ्या मायचे मालक, अकोटाहून वर्तमानपत्र आणत, त्यात मागच्या पानावर बायकांच्या सर्व विकारांवर अचूक गुण देणाऱ्या बाटलीची जाहिरात असे. घरात वाचता येणारी बाईमाणसांत मी एकटीच. मला ती वाचायला लावत. छापलेलं आहे म्हणजे कुणीतरी शहाण्यानं तपासूनच छापलं असणार, असं आम्हा सगळ्यांना वाटे. बाटली आली. गोड होती. मोठी माय म्हणे, चव बरी हाय. सगळ्यांकडे उत्तर होतं, आणि एकानंही तिला विचारलं नाही की कधीपासून.

माझ्या मायनं शेवटी हट्ट धरला. ती कमी बोलणारी बाई. तिनं जेवण सोडलं तेव्हा मोठ्या बाबांना कळलं की हे गंभीर आहे. कापसाच्या गाड्या अकोल्याच्या बाजारात जाणार होत्या. त्यातल्या एका गाडीत, कापसावर गोधडी टाकून, मोठ्या मायला निजवलं. गावात सांगितलं की अकोल्याला देवदर्शनाला जाऊन राहिले. माय बसली आणि मला घेतलं. का, तर तिथली डॉक्टरीण मद्रासकडची आहे, तिचं बोलणं पुस्तकातलं असते, आणि पुस्तकातलं बोलणं समजणारी घरात ही एकच पोट्टी.

त्या प्रवासाचं मला चाकांचं कुरकुरणं आठवतं, आणि आभाळ. मोठी माय उताणी पडून आभाळाकडे बघत होती. वाटेत तिनं विचारलं की डॉक्टरीण हात लावते का. मायनं हो म्हटलं. मग तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

बायकांचा दवाखाना दगडी, थंड, फिनेलच्या वासाचा. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या पातळातल्या. त्या जे मराठी बोलत ते माझ्या चौथीच्या धड्यासारखं शुद्ध होतं, आणि माय नि मोठी माय त्यांच्या तोंडाकडे नुसत्या पाहत राहत. इकडचं तिकडे मी सांगू लागले. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून रक्त जात आहे? मी वळून मोठ्या मायला विचारलं, "कवापासून?"

ती म्हणाली, "सीतादहीपासून."

डॉक्टरीणबाईंना सीतादही कळेना. मी सांगितलं, वेचणी सुरू होते तो दिवस, दिवाळीच्या आधीचा. त्यांच्या हातातली लेखणी थांबली. बाहेर फाल्गुनाचं ऊन होतं, कापूस संपत आला होता.

पडद्याआड दिवा लावून त्यांनी तपासलं. फार वेळ लागला नाही. एवढ्याशा वेळाच्या कामासाठी आम्ही सबंध हंगाम घालवला, हे मला नंतर कितीतरी वर्षं टोचत राहिलं. हात धुऊन त्या परत आल्या आणि मला म्हणाल्या की गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग आहे, फार पसरला आहे. कर्क हा शब्द मला पंचांगातल्या राशीपुरता ठाऊक होता. मी मोठ्या मायला सांगितलं, आत जखम हाय. मुंबईला किरणांचा उपचार मिळतो, पण आता तिथं नेऊनही हाती काही लागणार नाही, असं त्या म्हणाल्या. ते मी मायला सांगितलं, हळू आवाजात. मोठ्या मायनं ते ऐकलं असावं. कारण तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "इचार तिले, देवीचा कोप हाय का थे?"

मी विचारलं. डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या आणि तिच्याजवळ खाटेवर येऊन बसल्या. माझ्यामार्फत नाही, थेट तिच्याकडे बघून बोलल्या, "नाही. तुमचं काही चुकलं नाही. हा विटाळ नव्हे. हा आजार आहे."

हे सांगायला माझी गरज पडली नाही. मोठी माय मायकडे वळून म्हणाली, "मंग मी उपास काहून केले व एवढे? भूक तं लागत होती मले."

त्या संध्याकाळी धर्मशाळेत तिनं दहीभात मागितला आणि मंगळवार असून पोटभर खाल्ला.

निघताना डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं. शाळेत जातेस का, विचारलं. मी म्हटलं, सुटली. त्या म्हणाल्या, मग पाठ कर, तुला उपयोगी पडेल. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, दोन पाळ्यांच्या मधे दिसलं, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, तर शेजारणीला विचारायचं नाही, बाटली घ्यायची नाही, त्याच आठवड्यात दवाखान्यात जायचं. आणि नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसलं तरी जायचं; हे आईला सांग, तू मोठी झाल्यावर ती तुला समजावून सांगेल. जखम लहान असते तेव्हा ती जाळून टाकता येते. त्यांनी मला ते म्हणून दाखवायला लावलं. मी कविता म्हणावी तसं म्हटलं. माझ्या शाळेचा शेवटचा धडा तोच, असं मी मानते. त्यांचं नावही मी विचारलं नाही. वाटतं, निदान नाव विचारायला हवं होतं.

मोठी माय पेरण्यांच्या आधी गेली. माझं लग्न पुढच्या वर्षी झालं. गादी तिच्या कापसाची भरली.

झाशीला बदली व्हायच्या आधी, लग्नानंतर, आम्ही बडनेऱ्याला होतो, हे रेल्वेत. बाजाराला, कामाला अमरावती. एका हळदीकुंकवाला अमरावतीतल्या बायकांच्या मंडळात कुणा डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. वकिलांच्या, मास्तरांच्या बायका, शिकलेल्या, माझ्यासारख्या चौथीवाल्या दोन-चार. त्या बाई बाळंतपणावर बोलल्या तोवर सगळ्या बसल्या होत्या. पुढे त्या या रोगाबद्दल बोलू लागल्या, कोवळ्या वयातली लग्नं, पाठोपाठची बाळंतपणं, बाळंतपणातल्या जखमा तशाच राहणं, आणि वेळीच दाखवलं तर बाई कशी वाचते हे सांगू लागल्या, तशा एकेक जणी पदर सावरत उठल्या. कुणाला मुलं यायची वेळ झाली, कुणाची चूल. मला नवल वाटलं. हिवरखेडच्या छपरीत आणि अमरावतीच्या दिवाणखान्यात फरक एवढाच की इथं ती जाहिरातीतली बाटली काचेच्या कपाटात होती.

जिन्यात मात्र एका भटजींच्या घरच्या बाईंनी माझी बाही धरली. घरात सोवळं कडक, सासूला काय सांगू, म्हणाल्या. मला भीती वाटते, तुम्ही येता का बरोबर? मी गेले. मी शूर नाही. पण गेले. त्यांची जखम लहान होती. त्या अजून आहेत, नातवाची मुंज केली त्यांनी. त्यांच्यासाठी मला जितका आनंद होतो तितकीच आत एक कळ येते, की ही जिन्यातली बाही मोठ्या मायला धरायला कुणी नव्हतं. तिच्याभोवती इतक्या बाया होत्या आणि विचारण्यासारखी एक नव्हती. तेव्हापासून संक्रांतीला तिळगूळ देताना चाळिशीच्या पुढच्या बाईला मी डॉक्टरीणबाईंचा पाठ म्हणून दाखवते. काही जणी हसतात. हसू द्यावं.

पण दुसऱ्याला सांगणं वेगळं आणि आपल्या लुगड्यावर डाग पाहणं वेगळं. मंगळवारी दिवसभर मी ते लुगडं बादलीत भिजत ठेवलं होतं. धुनिया गेला, अंगणातला कापूस झाडून काढला, संध्याकाळ झाली. एकदा वाटलं, थोडे दिवस पाहावं. दिवाळी तोंडावर आहे, पाहुणे यायचे आहेत, यांची रात्रपाळी लागायची आहे. कारणं किती पटापट येतात! मोठ्या मायजवळही अशीच असतील, भात शिजलेला आहे, बाया खोळंबल्या आहेत. तिला मी इतकी वर्षं मनातल्या मनात विचारत आले, का नाही बोललीस? त्या संध्याकाळी मला कळलं की न बोलणं किती सोपं असतं. ते आपोआप होतं.

झाडलेल्या कापसातला एक पुंजका पायरीवर राहिला होता. तो उचलला, सवयीनं कपाळाला लावला, आणि हे कामावरून आले तेव्हा चहा देण्याआधी बोलून टाकलं. हे बडनेऱ्याचे, कमी बोलणारे. त्यांच्या हातातला डबा हातातच राहिला. म्हणाले, "दुखून राहिलं का?" मी म्हटलं, नाही. "मंग?" मी म्हटलं, "मंगच जाचं असते." बुधवारी त्यांनी साहेबाला सांगून रजा घेतली.

गुरुवारी आम्ही गेलो. हे बाहेर बाकावर, टोपी मांडीवर घेऊन. आतल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, हिंदी भरभर बोलणाऱ्या. या वेळी इकडचं तिकडे सांगायला बारा वर्षांची पोर जवळ नव्हती. माझं मलाच सांगायचं होतं. तोच फिनेलचा वास. तोच पडदा. पडद्यामागे कुणीतरी दिवा लावत होतं. तपासणीत काय निघेल ते मला ठाऊक नाही, हे लिहितानाही नाही. पुढच्या आठवड्यात कळेल.

त्यांनी लेखणी उचलली आणि विचारलं, "कब से?"

मोठी माय, तुझं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं.

मी म्हणाले, "मंगळवारपासून."

त्यांची लेखणी थांबली. मान वर करून त्यांनी विचारलं, कौन सा मंगल?

"हाच," मी म्हटलं. "परवाचा."